हाळ गावातले पाच सूर

१९७७च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात निवडणुकीचं वारं होतं. १८ जानेवारीला इंदिरा गांधींनी लोकसभेची निवडणूक जाहीर केली होती. तुरुंगातून सुटलेले नेते गावोगाव सभा घेत होते आणि आणीबाणी कागदावर अजून चालूच होती. त्याच महिन्यात कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, खालापूर तालुक्यात हाळ नावाच्या गावाजवळ मोठा जमाव जमला. मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने बोरघाटाकडे जाताना, चढ सुरू होण्याआधी हा भाग लागतो. जमाव कुठल्या पुढाऱ्याला ऐकायला आलेला नव्हता. समोर कॅमेरे होते आणि कॅमेऱ्यांमागे तीस वर्षांचा एक अमेरिकी दिग्दर्शक होता, स्टीव्हन स्पीलबर्ग. चित्रपट होता ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. परग्रहावरून आलेल्यांशी माणसाची भेट होते, ती कशी, हा त्याचा विषय.

पूर्ण झालेल्या चित्रपटात हा प्रसंग काही मिनिटांचा आहे. पडद्यावर ठिकाण सांगितलं जातं ते उत्तर भारतातल्या धर्मशाळा या गावाचं. माळावर हजारो माणसं बसली आहेत आणि सगळी मिळून पाच सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा गात आहेत. परदेशातून आलेली शास्त्रज्ञांची तुकडी ते गाणं ध्वनिमुद्रित करते आहे. त्यांचा प्रमुख, क्लॉड लाकोंब नावाचा फ्रेंच माणूस, दुभाष्यामार्फत विचारतो की हे सूर तुम्हाला कुठून मिळाले. क्षणभरात साऱ्या जमावाचे हात वर जातात आणि हजारो बोटं आकाशाकडे रोखली जातात. पुढचा सगळा चित्रपट या पाच सुरांवर उभा आहे. माणूस हेच सूर आकाशाकडे पाठवतो आणि शेवटी उतरलेलं प्रचंड यान त्याच सुरांत उत्तर देतं.

आपल्या सरगमीत ती ओळ सांगायची तर रे, ग, सा, मग मंद्र सप्तकातला सा आणि त्यावरचा मंद्र पंचम. संगीतकार जॉन विल्यम्सने पाच सुरांच्या शेकडो जुळण्या करून पाहिल्या आणि त्यांतून ही निवडली. ऐकणाऱ्याला ती अर्धवट राहिल्यासारखी वाटते, कारण ती षड्जावर न थांबता पंचमावर थांबते. पुढे कुणीतरी ती पुरी करावी अशी तिची ठेवणच आहे.

अमेरिकी चित्रपटात आकाशाचं पहिलं गाणं कोकणातल्या एका गावच्या शिवारात गायलं गेलं, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. तिच्यामागे सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्यात लंडन, कलकत्ता, कोलंबो आणि हॉलिवूड येतात, आणि सुरतही येते.

परग्रहावरून कुणी आलं तर ते आक्रमण करायलाच येणार, ही कल्पना रुजवली इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने. त्याची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९८मध्ये पुस्तकरूपाने आली. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चाल करून येतात आणि त्यांच्या यंत्रांपुढे जगातलं सर्वांत बलाढ्य साम्राज्य कोलमडतं. वेल्सने सुरुवातीलाच टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण काढली आहे. युरोपीयांनी त्यांचा जो विनाश केला तो पाहता मंगळवासीयांना दोष देण्याचा आपल्याला काय अधिकार, असा त्याचा सवाल आहे. इंग्रजांनी जगाला जे केलं ते कुणी इंग्रजांना केलं तर, या विचारातून ही कथा जन्मली.

इथे सुरत येते. २४ ऑगस्ट १६०८ रोजी कॅप्टन विल्यम हॉकिन्सचं ‘हेक्टर’ हे जहाज सुरतेच्या बंदराशी पोचलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाने हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागण्याची ती पहिली वेळ. हॉकिन्स तिथून आग्र्याला जहांगिराच्या दरबारी गेला आणि काही वर्षांतच कंपनीची वखार सुरतेत उभी राहिली. ती माणसं सैन्य घेऊन आली नव्हती. नजराणे आणि राजाचं पत्र घेऊन, व्यापाराची परवानगी मागत आली होती. दूरवरून अनोळखी जहाजातून उतरलेले परके लोक पहिल्या दिवशी कसे दिसतात आणि दीडशे-दोनशे वर्षांनी काय होऊन बसतात, हे या देशाने अनुभवलं आहे. वेल्सने ज्याची कल्पना केली ते आपल्याकडे तोवर घडून गेलेलं होतं.

अमेरिकेत मात्र वेल्सची भीती नव्याने पेटली. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने ती कादंबरी रेडिओवर बातमीपत्राच्या धाटणीत सादर केली आणि काही श्रोते खरोखर घाबरले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी ती घबराट होती त्याहून कितीतरी मोठी करून सांगितली. जून १९४७मध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरांवरून नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्याचं सांगितलं आणि उडत्या तबकड्यांचं युग सुरू झालं. रशियाशी शीतयुद्ध पेटलं होतं. आकाशात दिसणारा अनोळखी ठिपका शत्रूचा असू शकतो, ही भीती साधार होती. अमेरिकी हवाई दलाने अशा नोंदी तपासायला ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ चालवलं. १९६९मध्ये ते बंद झालं तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झालेला नव्हता. या कामाचे सल्लागार होते खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक. ते आले संशय घेऊन, पण न उलगडलेल्या नोंदी त्यांना गप्प बसू देईनात. १९७२च्या पुस्तकात त्यांनी या भेटींची वर्गवारी केली. वस्तू जवळून दिसली तर पहिला प्रकार, तिने मागे खुणा ठेवल्या तर दुसरा आणि आत कुणी जीव दिसला तर तिसरा. स्पीलबर्गच्या चित्रपटाचं नाव इथून आलं आणि चित्रपटात हायनेक स्वतः क्षणभर दिसतातही.

त्या काळच्या हॉलिवूडपटांत पाहुणा बहुधा मारेकरीच असे. १९५१चा ‘द थिंग’, १९५३चा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’, १९५६चा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ हे सगळे त्याच पठडीतले. अपवाद ठळक होता तो ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या १९५१च्या चित्रपटाचा. त्यातला पाहुणा शांततेचा निरोप घेऊन येतो, पण मागे धमकी ठेवून जातो.

आपल्याकडच्या चित्रपटांना ही भीती फारशी शिवली नाही. आकाशातून कुणी उतरणं हे आपल्या पुराणकथांत नवलाचं नाही आणि उतरणारा शत्रूच असेल असं तिथे गृहीत धरलेलं नसतं. १९६३मध्ये तमिळमध्ये ‘कलै अरसी’ आला. एम. जी. रामचंद्रन आणि भानुमती त्यात होते. त्यातले परग्रहवासी पृथ्वीवर येतात ते संगीत जाणणाऱ्या एका स्त्रीला पळवून न्यायला, कारण त्यांच्या ग्रहावर कलेची वाण आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. विज्ञानात पुढे गेलेल्यांना आपल्याकडून काय हवं असेल, याचं उत्तर मद्रासच्या पटकथेने ‘गाणं’ असं दिलं होतं, हाळच्या चित्रीकरणाआधी चौदा वर्षं. पुढे १९६७मध्ये हिंदीत दारासिंगचा ‘चाँद पर चढाई’ आणि एन. ए. अन्सारींचा ‘वहाँ के लोग’ आले. ते मारामारीचे, गमतीचे चित्रपट होते. त्यांनी मागे फारसं काही ठेवलं नाही.

खरी मोठी गोष्ट त्याच वर्षी कलकत्त्यात घडत होती.

सत्यजित राय यांनी १९६१मध्ये आजोबांचं ‘संदेश’ हे मुलांचं मासिक पुन्हा सुरू केलं होतं. त्यात १९६२मध्ये त्यांची ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा आली. बंकुबाबू खेड्यातले गरीब स्वभावाचे शाळामास्तर. संध्याकाळच्या बैठकीत गावातली प्रतिष्ठित मंडळी त्यांची रोज टिंगल करतात. एका रात्री बांबूच्या बनात त्यांना उतरलेलं यान दिसतं आणि आतून अँग नावाचा परग्रहवासी बाहेर येतो. तो त्यांना मारत नाही आणि कसला उपदेशही करत नाही. दूरचे बर्फाळ प्रदेश आणि जंगलं दाखवतो आणि इतकं सोसू नका एवढं सांगतो. दुसऱ्या दिवशी बंकुबाबू त्या बैठकीत जातात आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना खडसावतात. परग्रहवासी आला तो एका दबलेल्या माणसाला ताठ मानेनं उभं करायला.

हाच धागा घेऊन चित्रपट करावा असं राय यांच्या मनात होतं. १९६६मध्ये लंडनमध्ये त्यांची विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्कशी भेट झाली. क्लार्क तेव्हा स्टॅनली कुब्रिकबरोबर ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’वर काम करत होते. राय यांनी कल्पना सांगितली. सिलोनला परतल्यावर क्लार्कनी ती आपले मित्र माइक विल्सन यांच्या कानावर घातली. विल्सन समुद्रात बुडी मारून खजिने शोधणारे, सिंहली चित्रपट काढणारे, धडाडीचे गृहस्थ. १९६७च्या सुरुवातीला ते कलकत्त्यात येऊन थडकले आणि राय यांनी काही आठवड्यांतच पटकथा पुरी केली. नाव होतं ‘द एलियन’.

ही पटकथा आज छापील मिळते, म्हणून तिच्याविषयी खात्रीने बोलता येतं. बंगालमधल्या एका खेड्यातल्या कमळांच्या तळ्यात यान बुडतं आणि त्याचं टोक तेवढं पाण्याबाहेर राहतं. गावाला वाटतं तळ्यातून देऊळ वर आलं. एक धनवान मारवाडी उद्योजक तिथे संगमरवर बसवून मोठं तीर्थक्षेत्र उभारायच्या बेतात असतो. विहिरी खणायला आलेला एक अमेरिकी अभियंता आहे आणि कलकत्त्याहून आलेला पत्रकार आहे. या सगळ्यांच्या मध्ये हाबा नावाचा एक अनाथ पोर आहे. भीक मागून, कुठे आंबा उचलून जगणारा. यानातला छोटासा पाहुणा रात्री हाबाच्या स्वप्नात येऊन त्याच्याशी खेळतो. दिवसा तो गावात अवेळी पिकं पिकवतो, झाडाला नको त्या महिन्यात आंबे आणतो. त्याला पृथ्वी जिंकायची नाही. त्याला ती एखाद्या मुलासारखी न्याहाळायची आहे.

उद्योजकाच्या भूमिकेसाठी राय यांना पीटर सेलर्स हवे होते. एप्रिल १९६७मध्ये पॅरिसला दोघांची भेट झाली आणि सेलर्स तयार झाले. जूनमध्ये राय हॉलिवूडला गेले. तिथे पटकथेच्या चक्रमुद्रित प्रती हातोहात फिरत होत्या आणि त्यांवर हक्कधारक म्हणून विल्सन यांचंही नाव राय यांच्या जोडीने होतं. राय यांनी ते तिथेच पाहिलं. कोलंबिया पिक्चर्सने चित्रपटात पैसा घालायची तयारी दाखवली, आगाऊ रक्कमही दिली, पण ती राय यांच्यापर्यंत पोचली नाही. सेलर्स तेव्हा ‘द पार्टी’त हिंदुस्थानी पाहुण्याची भूमिका करत होते. त्यातलं पात्र आपल्या पाळलेल्या माकडाचं नाव अपू असल्याचं सांगतं. आपल्याच ‘पथेर पांचाली’तल्या मुलाचं हे नाव तिथे वापरलेलं ऐकून राय यांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको. १९६८मध्ये सेलर्स बाजूला झाले. कोलंबियाला विल्सन बाजूला व्हायला हवे होते. क्लार्कनी पत्राने कळवलं की विल्सन डोकं भादरून दक्षिण भारताच्या अरण्यात तप करायला निघून गेले आहेत. चित्रपट तिथेच मिटला. राय यांनी ही सगळी हकिकत १९८०मध्ये ‘द स्टेट्समन’मध्ये लिहिली. तिच्यात कडवटपणा कमी आहे आणि थकवा जास्त.

स्पीलबर्गची वाट वेगळीच होती. ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात वाढलेल्या या मुलाने सतराव्या वर्षी, १९६४मध्ये, घरगुती कॅमेऱ्यावर आणि सुमारे पाचशे डॉलरमध्ये ‘फायरलाइट’ हा आकाशातल्या दिव्यांवरचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. १९७५मध्ये ‘जॉज’ने गल्ल्याचे विक्रम मोडले आणि त्याला हवा तो विषय मिळाला. पैसे कोलंबियाचेच होते, ज्या कंपनीने दहा वर्षांपूर्वी ‘द एलियन’ हाताळून सोडला होता. आर्थिक ओढाताणीत असलेल्या कोलंबियाने या चित्रपटावर सुमारे दोन कोटी डॉलर लावले. मुख्य चित्रीकरण १९७६च्या मेमध्ये सुरू झालं. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा डोंगर आणि अलाबामातल्या मोबाइल गावची प्रचंड विमानशाळा ही त्याची मुख्य ठिकाणं. हिंदुस्थानचा भाग अगदी शेवटी आला.

लाकोंबच्या भूमिकेसाठी स्पीलबर्गने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला बोलावलं. ते पात्र जाक व्हाले या उडत्या तबकड्यांच्या फ्रेंच अभ्यासकावर बेतलेलं आहे. त्रुफोला इंग्रजी जेमतेम येत होतं. बॉब बालाबन हा नट पडद्यावर त्याच्या दुभाष्याचं काम करत होता. त्याने चित्रीकरणाची रोजनिशी लिहिली आणि ती १९७८मध्ये पुस्तकरूपात आली. मोठ्या अमेरिकी चित्रपटात नटाला किती तिष्ठावं लागतं, हे तिच्यात चांगलं उतरलं आहे. त्या रिकाम्या वेळात त्रुफो स्वतःच्या पुढच्या चित्रपटाचं लेखन करत असे.

त्रुफोचं हाळला येणं आणखी एका कारणाने विचार करण्यासारखं आहे. १९५६च्या कान महोत्सवात ‘पथेर पांचाली’ चालू असताना तो मध्येच उठून गेला होता, असं चित्रपटाच्या इतिहासात वारंवार नोंदलं गेलं आहे. हिंदुस्थानातल्या खेड्याचं आयुष्य तेव्हा त्याला पाहवलं नाही. वीस-एकवीस वर्षांनी तोच माणूस खालापूरच्या उन्हात, हिंदुस्थानी गावकऱ्यांच्या समुदायासमोर उभा होता आणि त्यांना विचारण्याचा अभिनय करत होता की हे तुम्हाला कुठून मिळालं.

फेब्रुवारीत त्या भागातली भातखाचरं कोरडी असतात आणि माणसं बसवायला मोकळं रान मिळतं. मुंबईतून यंत्रसामग्री घेऊन दिवसात ये-जा करता येईल एवढं ते जवळ आहे, साधारण सत्तर किलोमीटर. मुख्य छायाचित्रकार व्हिल्मोश झिगमंड, ज्याला पुढे या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, या भागात नव्हता. हाळचा प्रसंग टिपला तो इंग्रज छायाचित्रकार डग्लस स्लोकोंबने. त्याचं काम स्पीलबर्गला इतकं आवडलं की ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ त्याने त्याच्याकडेच सोपवला. सगळे हात एका क्षणी वर जाणं हे ऐकायला सोपं वाटतं. हजारो माणसांकडून, दुभाष्यामार्फत, ते एका ठेक्यात करून घेणं म्हणजे मोठीच कसरत. तयार प्रसंगात त्याचा ताण कुठे दिसत नाही. दिसते ती शिस्त आणि तिच्यातला उत्साह. आपल्याकडे सप्ताहात, वारीत, आरतीत एकत्र गाण्याची सवय लोकांच्या अंगात मुरलेली असते. स्पीलबर्गला अमेरिकेत अशी गर्दी उभी करता आली असती का, याविषयी मला शंका आहे. त्याच्या चित्रपटातले अमेरिकी साक्षीदार एकेकटे आहेत. यान पाहिल्यावर त्यांचे संसार मोडतात, नोकऱ्या जातात, शेजारी त्यांना वेड्यात काढतात. हिंदुस्थानातल्या साक्षीदारांना कुणी वेडं ठरवत नाही. सगळ्यांनी मिळून ऐकलं आणि सगळे मिळून गात आहेत.

तरीही या प्रसंगात एक उणीव आहे आणि ती मला दर वेळी खुपते. हजारो माणसांपैकी एकालाही नाव नाही. आपल्याला आकाशातून काय ऐकू आलं, हे कुणी आपल्या शब्दांत सांगत नाही. राय यांच्या पटकथेत हाबा आहे. त्याला भूक आहे, खोड्या आहेत, झोपेत दिसणारी स्वप्नं आहेत. कोलंबियाने दहा वर्षांच्या अंतराने दोन चित्रपटांशी व्यवहार केला. एकात हिंदुस्थानी खेड्यातला एक मुलगा परग्रहवासीयाचा मित्र होता, दुसऱ्यात हिंदुस्थानी खेडं हा परग्रहवासीयाचा निरोप पोचवणारा जमाव होता. दुसरा चित्रपट झाला, पहिला झाला नाही. जे हरवलं ते इथे आहे, असं माझं मत आहे. कुणी कुणाची कल्पना उचलली हा प्रश्न त्यापुढे मला लहान वाटतो.

१९७७मध्ये राय यांचाही चित्रपट आला, ‘शतरंज के खिलाडी’, त्यांचा पहिला हिंदी चित्रपट. त्यात मिर्झा सज्जाद अलीची भूमिका संजीवकुमारने केली. हा सुरतेच्या जरीवाला कुटुंबातला, खरं नाव हरिहर जेठालाल जरीवाला. १८५६चं लखनौ, दोन जहागीरदार बुद्धिबळात बुडालेले, आणि बाहेर कंपनी सरकार अवधचं राज्य गिळंकृत करतं आहे. संजीवकुमारचा मिर्झा समोरच्या पटाखेरीज काहीच पाहत नाही. दूरदेशीच्या परक्यांशी गाठ पडल्यावर एखाद्या समाजाचं काय होतं, हाच या चित्रपटाचाही विषय आहे. ‘द एलियन’मध्ये राय यांनी त्याची आनंदी बाजू कल्पिली होती. ती पडद्यावर आली नाही, दुःखी बाजू आली. आणि ती उभी करणारा अभिनेता होता सुरतेचा, जिथे त्या कंपनीचं पहिलं जहाज लागलं होतं.

‘क्लोज एन्काउंटर्स’ नोव्हेंबर १९७७मध्ये अमेरिकेत झळकला आणि त्याने कोलंबियाला हात दिला. सहा महिन्यांपूर्वीच ‘स्टार वॉर्स’ आला होता. त्या वर्षानंतर हॉलिवूडमधला परग्रहवासी बदलला. तो मित्रही असू शकतो, हे आता प्रेक्षकांनी पैसे देऊन मान्य केलं होतं. १९८२च्या जूनमध्ये ‘ई.टी.’ आला. पृथ्वीवर चुकून राहिलेला छोटा पाहुणा आणि त्याला लपवणारा एकटा मुलगा. वाळत आलेलं झाड पाहुण्यामुळे टवटवीत होतं, मुलाच्या आणि त्याच्या मनांत एक अदृश्य धागा असतो. हा प्रकल्प आधी कोलंबियाकडेच होता. त्यांनी सोडला आणि युनिव्हर्सलने उचलला.

क्लार्कनी राय यांना फोन करून साम्याची जाणीव करून दिली. १९६७पासून अमेरिकेत फिरत असलेल्या आपल्या पटकथेच्या प्रती नसत्या तर ‘ई.टी.’ शक्य झाला नसता, असं राय यांनी मुलाखतीत म्हटलं. स्पीलबर्गने ते नाकारलं. त्या प्रती फिरत होत्या तेव्हा मी शाळेत होतो, असं त्याचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात त्याची शाळा १९६५मध्येच संपली होती, म्हणून हा खुलासा तारखांशी जुळत नाही. पण तारीख चुकली म्हणजे चोरी सिद्ध झाली असं होत नाही. ‘ई.टी.’ची पटकथा मेलिसा मॅथिसनची. तिच्यामागे स्पीलबर्गच्या आई-वडिलांच्या घटस्फोटाचं, एकाकी बालपणाचं दुःख आहे आणि ते अस्सल आहे. राय यांनी खटला केला नाही. झालं ते एवढंच की ‘द एलियन’ पुन्हा काढण्याचा विचार त्यांना सोडून द्यावा लागला. आता तो केला असता तर जगाने त्यालाच नक्कल म्हटलं असतं.

हिंदुस्थानशी स्पीलबर्गचा पुढचा संबंध बरा राहिला नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’च्या पटकथेतलं हिंदुस्थानचं चित्रण आक्षेपार्ह वाटल्याने सरकारने परवानगी दिली नाही आणि १९८३मध्ये ते चित्रीकरण श्रीलंकेत कँडीजवळ झालं. चित्रपट पाहिला तर सरकारचा आक्षेप अवाजवी म्हणवत नाही. त्यातला नरबळी देणारा जमाव आणि हाळचा गाणारा जमाव, दोन्हींत माणसाचा चेहरा तितकाच पुसट आहे.

पाच सुरांचा पडसाद हिंदीत उमटला तो ८ ऑगस्ट २००३ रोजी, राकेश रोशन यांच्या ‘कोई... मिल गया’मध्ये. त्यातला शास्त्रज्ञ ओंकाराच्या ध्वनीची वेगवेगळी रूपं संगणकातून अवकाशात पाठवतो आणि यान येतं. बऱ्याच वर्षांनंतर त्याचा मुलगा रोहित, ज्याचं मन लहान मुलाचंच राहिलं आहे, तेच यंत्र सुरू करतो आणि ‘जादू’ त्याला भेटतो. निळसर रंगाच्या या पाहुण्याच्या पोशाखात इंद्रवदन पुरोहित होते. समीक्षकांनी ‘ई.टी.’शी असलेलं साम्य लगेच दाखवलं, आणि ते आहेच. पण ध्वनी पाठवून बोलावणं ‘क्लोज एन्काउंटर्स’चं आहे. गावाने हिणवलेल्या भाबड्या मुलाला पाहुण्याने बळ देणं हे मात्र बंकुबाबूंपाशी आणि हाबापाशी जातं, तिथवर स्पीलबर्गही पोचत नाही. रोशन यांनी राय यांची कथा वाचली होती की नाही याने फरक पडत नाही. आपल्या प्रेक्षकाला परग्रहवासी याच रूपात आपला वाटतो, हे १९६२मध्ये राय यांना कळलं होतं. नागपूरच्या राजकुमार हिराणींनी डिसेंबर २०१४मध्ये ‘पीके’ काढला तेव्हा त्यांनी बाजूच उलटी केली. राजस्थानात उतरलेला पाहुणाच भाबडा, एकटा, लुबाडला गेलेला, आणि त्याला जो तो आपला देव विकायला पाहतो. ‘द एलियन’मधला तळ्यातल्या यानावर संगमरवर चढवू पाहणारा उद्योजक ‘पीके’त सहज वावरला असता.

‘द एलियन’ची पटकथा, राय यांचा तो लेख आणि पत्रव्यवहार २०१८मध्ये पुस्तकरूपाने एकत्र आले. आता कुणालाही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचता येतात. मराठीत हे सगळं यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण या कहाणीचा एक तुकडा आपल्या भूमीवर घडला आहे. मार्च २०१३मध्ये स्पीलबर्ग मुंबईत आला, अमिताभ बच्चन यांनी त्याच्याशी जाहीर गप्पा मारल्या आणि हिंदी चित्रपटसृष्टीतले बरेचसे दिग्दर्शक समोर बसले होते. पण या कहाणीचे खरे साक्षीदार दुसरेच आहेत. १९७७मध्ये हाळच्या माळावर हात वर केलेल्यांत जे विशीतले होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. तालमीत त्यांना काय सांगितलं गेलं, दिवसाची मजुरी किती मिळाली, सुरांची ओळ कुणी शिकवली, कुठली माणसं गाडीतून आणली आणि कुठली गावातलीच होती, हे त्यांच्याकडून ऐकून, नावगाव लिहून, नोंदवून ठेवायला अजून वेळ आहे.